दुखण्याचा दाखला

एमआरआय सेंटरच्या बाहेरच्या खोलीत मावशींनी मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. मग बांगड्या, कानातले, नाकातली चमकी. जोडवी मात्र निघेनात. लग्नानंतर ती कधी काढलीच नव्हती. टेक्निशियन मुलानं हात धुवायचा साबण आणून दिला, तेव्हा कुठे सुटली. "ताई, नीट ठेवा हां," एवढं म्हणून त्या तिथला गाऊन सावरत, डाव्या पायावर भार न देता आत गेल्या. पुढचा अर्धा तास मी त्यांचे दागिने रुमालात बांधून बसले होते. आतून यंत्राचा ठकठकाट ऐकू येत होता.

मावशी आमच्याकडे अकरा वर्षं कामाला आहेत. दीड वर्षापासून त्यांची 'कंबर' दुखत होती. त्या कंबर म्हणत, पण हात ठेवत तो त्याच्या खाली, बाजूला, खुब्यावर. सकाळी आल्या आल्या क्षणभर भिंतीला धरून उभ्या राहत. महिन्यातून दोन-तीन दिवस येत नसत आणि फोनवर म्हणत, "आज उठवतच नाही ओ ताई." जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन झालं, गोळ्या झाल्या, एक्स-रे झाला. त्यात काही नव्हतं. मग मी म्हटलं, एमआरआय करून टाकू, पैसे मी देते.

आजूबाजूच्यांना याचं कौतुक वाटलं. मलाही वाटलं. पण त्या खोलीत रुमाल हातात धरून बसले असताना एक गोष्ट मला स्वतःपासून लपवता आली नाही. मावशींच्या दुखण्याचं कारण मला हवं होतं, हे खरं. पण त्याआधी मला हे हवं होतं, की त्यांना खरंच दुखतंय का ते कुणीतरी मला सांगावं. मावशी ते दीड वर्षं सांगत होत्या. मला दुसरा साक्षीदार हवा होता.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. डाव्या खुब्यात उल्लेखनीय दोष नाही. तो वाचून पहिला विचार आला, "चला, काळजीचं काही नाही." दुसरा आला तो असा: "मग इतक्या सुट्ट्या कशासाठी?"

हा लेख त्या दुसऱ्या विचाराबद्दल आहे.

*

त्याच्या तीन वर्षं आधी माझाही खुबा दुखत होता, उजवा. गाडीतून उतरताना जांघेत कळ यायची. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी विचारलं, "नेमकं कुठे?" तेव्हा मी अंगठा मागे आणि बोटं पुढे अशी हाताची कमान करून खुब्याला धरलं. त्यांनी मान डोलावली. खुब्याच्या सांध्यातून दुखणारे बरेच रोगी असाच हात धरतात म्हणे. आपल्या भाषेत कंबर, खुबा, कुल्ला, जांघ आणि मांडी हे सगळे शब्द आहेत, पण दुखायला लागलं की आपण सरसकट कंबर म्हणतो. आणि शरीरही असंच घोळ घालतं. सांध्यातलं दुखणं जांघेत जाणवतं, कधी तर थेट गुडघ्यात. मणक्यातलं दुखणं कुल्ल्यात उतरतं. म्हणून हात कुठे जातो, हे शब्दापेक्षा महत्त्वाचं.

माझ्या एमआरआयमध्ये 'लेब्रल टेअर' निघालं. खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो आणि त्या वाटीच्या कडेला कूर्चेची एक किनार असते, ती लेब्रम. तिला माझ्याकडे चीर गेली होती. रिपोर्ट घरी आला आणि घर बदललं. नवऱ्यानं वरच्या फळीवरचे डबे काढून द्यायला सुरुवात केली. ऑफिसनं दोन महिने घरून काम करायला परवानगी दिली. कुणी कागदसुद्धा मागितला नाही, मीच आपण होऊन पाठवला. सासूबाई फोनवर नातेवाइकांना सांगायच्या, "तिचं आतून फाटलंय."

व्यायाम केले, जमिनीवर बसणं बंद केलं. चार-साडेचार महिन्यांत दुखणं गेलं. ती चीर मात्र तिथेच असणार, कारण ती काही आपोआप शिवली जाण्यातली गोष्ट नव्हे. म्हणजे चीर आहे आणि दुखणं नाही, अशा स्थितीत मी आज हे लिहिते आहे. मग तेव्हा दुखत होतं ते तिच्यामुळे, हे कशावरून?

*

हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मावशींचा रिपोर्ट हातात आल्यावर पडला, आणि मग मी जरा वाचून काढलं.

एमआरआय पाहतं ते मुख्यतः पाणी आणि चरबी यांतला हायड्रोजन. त्याचे अणुकेंद्र म्हणजे जणू बारीकसे चुंबक. दीड किंवा तीन टेस्लाच्या प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्यांतले काही एका दिशेला झुकतात, रेडिओलहरींचा धक्का दिला की विचलित होतात, आणि पूर्ववत होताना जो संदेश देतात त्यावरून आतला नकाशा तयार होतो. या संदेशांतून चित्र काढता येईल हे पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये दाखवलं, पीटर मॅन्सफिल्ड यांनी ते तंत्र पुढे नेलं; दोघांना 2003 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. एक्स-रेत हाडं दिसतात. इथे कूर्चा, स्नायू, स्नायुबंध, हाडातला मगज, सूज, सगळं दिसतं, तेही क्ष-किरणांशिवाय. हे यंत्र म्हणजे मोठीच करामत आहे, यात शंका नाही.

पण दिसतं ते पाणी. दुखणं त्यात कुठल्याच छटेत उमटत नाही. सूज कुठे आहे, चीर कुठे आहे हे चित्र सांगतं. 'म्हणून दुखतंय' हे वाक्य आपण जोडतो.

ते जोडणं किती निसरडं आहे, हे साध्या युक्तीनं तपासता येतं: ज्यांचं काहीच दुखत नाही अशांचे स्कॅन काढायचे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात खुब्याची कसलीच तक्रार नसलेल्या 45 जणांचे एमआरआय काढले. चित्रं वाचणाऱ्या तज्ज्ञांना कुणाला दुखतंय, कुणाला नाही, हे माहीत नव्हतं. या ठणठणीत लोकांपैकी 69 टक्क्यांमध्ये लेब्रमची चीर सापडली. पाठीच्या बाबतीत अशीच एक जुनी, गाजलेली नोंद आहे. 1994 मध्ये पाठ न दुखणाऱ्या 98 जणांचे मणके पाहिले, तर 64 टक्क्यांच्या निदान एका तरी चकतीत बिघाड होता. केस पिकतात, कातडीला सुरकुत्या पडतात, तसंच आतही काही ना काही झिजतं, फाटतं, फुगतं. ते पुष्कळदा दुखत नाही.

आपल्याकडे म्हण आहे: कावळा बसायला आणि फांदी तुटायला. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. तिथे कावळा बसतो आणि ताडाचं फळ पडतं. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं होत नाही, एवढंच या म्हणी बजावतात. नैयायिक कार्यकारण ठरवताना अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पाहायचे: कारण असेल तिथे कार्य असतं का, आणि कारण नसेल तिथे कार्यही नसतं का? माझ्या खुब्यात चीर होती आणि आहे, दुखणं होतं आणि आता नाही. मावशींच्या खुब्यात चित्रात काही नव्हतं, दुखणं होतं. एका घरातल्या दोन बायकांनी ही कसोटी दोन्ही बाजूंनी मोडली होती. तरीही माझ्या दुखण्याला कारण मिळालं होतं, आणि मावशींच्या दुखण्याला संशय.

*

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'स्कॅन निरर्थक आहेत, सगळा धंदा आहे' असं मला म्हणायचं नाही. तसं म्हणणं सोपं आहे आणि धोक्याचंही.

मांडीच्या हाडाच्या माथ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या थोड्या आणि नाजूक असतात. तो पुरवठा तुटला तर हाड आतून मरत जातं. याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात. स्टेरॉइडचे मोठे डोस आणि दारू ही त्याची नेहमीची कारणं. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांमध्ये हे आढळल्याची नोंद केली होती. विदर्भात आणि नंदुरबारकडे आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार आहे; त्यातही खुब्याचं हाड असंच मरू शकतं, तेही ऐन तरुणपणी. या आजारात सुरुवातीला एक्स-रे साफ असतो, एमआरआयमध्ये दिसतं. वेळेत दिसलं तर सांधा वाचवण्याचे काही मार्ग तरी उरतात. म्हातारी बाई पडली, पाय टेकवत नाही, एक्स-रेत मात्र काही नाही, अशा वेळी लपलेलं फ्रॅक्चर एमआरआयच पकडतो. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, घटणारं वजन, हीसुद्धा आत डोकावून पाहण्याची कारणं.

म्हणजे एखाद्या दुर्गम तालुक्यात ज्या मुलाला हा स्कॅन आजच मिळायला हवा, त्याला जिल्ह्याच्या गावापर्यंत किंवा त्याहूनही पुढे जावं लागतं. आणि शहरात माझ्यासारखी चाळिशी-पन्नाशीतली बाई चार दिवस जांघ दुखली की स्कॅनच्या रांगेत उभी असते. तक्रार यंत्राबद्दल नाही. आपण त्याला कुठला प्रश्न विचारतो, त्याबद्दल आहे.

'या खुब्याचं हाड जिवंत आहे का?' हा प्रश्न यंत्राला विचारता येतो. 'इथे फ्रॅक्चर आहे का?' हाही. पण 'या बाईवर विश्वास ठेवू का?' हा प्रश्न मी यंत्राला विचारला होता. त्याचं उत्तर त्याच्यापाशी नसतं. गंमत अशी, की उत्तर आपल्यापाशी नाही हे ते सांगत नाही. ते चित्र देतं आणि आपण ते उत्तर म्हणून वाचतो.

*

दुखणं हे ज्याचं त्याला प्रत्यक्ष असतं. न्यायदर्शनात तर सुखदुःखाचं ज्ञान मन या अंतरिंद्रियानं होतं असं मानलं आहे. डोळ्याला रंग कळावा तसं मनाला दुःख कळतं, मध्ये अनुमान नसतं. पण ज्याचं त्यालाच. दुसऱ्याच्या दुखण्याकडे जायला आपल्यापाशी दोन वाटा उरतात: अनुमान आणि शब्द. लंगडणं पाहून, चेहरा पाहून, चित्र पाहून आपण अनुमान करतो. किंवा तो माणूस सांगतो आणि आपण ऐकतो. न्यायदर्शनात शब्द हे अनुमानाइतकंच स्वतंत्र प्रमाण आहे, अट एवढीच, की सांगणारा आप्त हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला विषय नीट माहीत आहे आणि तो जसा आहे तसा सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मावशींच्या खुब्याच्या दुखण्याबद्दल मावशींहून अधिक जाणकार कोण असणार?

आधुनिक वैद्यकही याच जागी येऊन पोचलं आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2020 मध्ये वेदनेची आपली 1979 ची व्याख्या सुधारली. तिच्या सोबतच्या टिपणांत सांगितलं आहे, की वेदना हा नेहमी व्यक्तिगत अनुभव असतो आणि आपल्याला वेदना होते असं कुणी सांगितलं, तर त्या सांगण्याचा मान राखावा. वेदना होण्यासाठी पेशींना इजा झालेलीच असली पाहिजे, अशी अट त्या व्याख्येत नाही.

इथे कुणी म्हणेल, ठीक आहे, पण माणसं खोटंही बोलतात. सुट्टीसाठी दुखणं काढणं हे काय कुणी ऐकलेलं नाही? शाळेत मीही पोटदुखी काढली आहे. आक्षेप खरा आहे. पण तो तपासून पाहिला तर दोन गोष्टी दिसतात. एक, खोटं पकडायला एमआरआय उपयोगाचा नाही. दुखत नसताना चीर दाखवणारं आणि दुखत असताना काही न दाखवणारं यंत्र खोटं कसं पकडणार? दुसरी, हा आक्षेप आपण सगळ्यांवर सारखा घेत नाही. माझ्या जांघेतल्या कळेवर माझ्या ऑफिसनं माझ्या शब्दावरच विश्वास ठेवला होता. मिरांडा फ्रिकर या ब्रिटिश तत्त्वचिंतक बाईंनी 2007 च्या आपल्या पुस्तकात अशा अन्यायाला नाव दिलं आहे. बोलणारी व्यक्ती कोण आहे यावरून आपण तिच्या बोलण्याचं वजन आधीच कमी धरतो, तेव्हा जाणकार म्हणून तिच्यावर अन्याय होतो. हे वाचताना मला पुस्तकातली उदाहरणं आठवली नाहीत. फोनवरचं "आज उठवतच नाही ओ ताई" आठवलं, आणि त्यावर मी काढलेला "बरं" हा आवाज.

शिवाय मावशींनी खोटं सांगून त्यांना मिळणार काय होतं? एक दिवस पाठ टेकायला. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे, पण आजारपणाची पगारी रजा प्रत्यक्षात मालकिणीच्या मर्जीवरच असते. माझी मर्जी फार वाईट नव्हती, असं मला वाटायचं. मी पैसे कापत नसे. फक्त पुरावा मागत होते.

*

रिपोर्ट आल्यावर चार दिवसांनी मी तो मावशींच्या हातात देऊ केला. त्यांनी घेतला नाही. "तुमच्याकडंच राहू द्या ताई," त्या म्हणाल्या. "घरी नको."

मला आधी कळलं नाही. मग कळलं, की रिपोर्ट चांगला आला हे मीच त्यांच्या मुलाला फोनवर उत्साहानं सांगितलं होतं. त्या दिवसापासून घरात सूनबाई म्हणत होती, "मशीनमध्ये तर काहीच निघालं नाही." पाण्याचा हंडा पुन्हा मावशींकडे आला होता. तोवर निदान शंकेचा फायदा त्यांना मिळत होता. साडेसहा हजार रुपये खर्चून मी तो काढून घेतला होता.

नंतर एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, "दिवसभर काय काय करता ते सकाळपासून सांगा." मावशींनी सांगितलं. सहा घरं. त्यांतली तीन बिनलिफ्टच्या इमारतीत. सहाही ठिकाणी फरशी उकिडवं बसून पुसायची. मग बाईंनी त्यांना एका पायावर उभं केलं, कुशीवर झोपवलं, खुब्याच्या बाहेरच्या हाडाच्या टोकावर दाबलं, तिथे मावशी कळवळल्या. कंबर वाकवून पाहिली. थोडं कुल्ल्याच्या स्नायूंचं आणि त्यांच्या दोऱ्यांचं आहे, थोडं पाठीतून येतंय, त्या म्हणाल्या. एकाच गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही. आणि मग सहज म्हणाल्या, "स्कॅन आडवं पडून, हलायचं नाही, असं काढतात ना. यांचं दुखतं बसताना आणि उठताना."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. अर्धा तास मावशी त्या नळीत निश्चल पडून होत्या. दीड वर्षात बहुधा दिवसाउजेडी तेवढा वेळ त्या प्रथमच आडव्या झाल्या असतील. त्या अवस्थेत त्यांच्या खुब्याचं चित्र काढून आम्ही कारण शोधत होतो. सहा घरांच्या फरश्या त्या चित्रात येणं शक्यच नव्हतं, आणि त्यांतली एक माझी होती.

'कारण' या शब्दाकडे मी तोवर एकाच अर्थानं पाहत होते: आत काहीतरी बिघडलेलं आहे, ते सापडलं की झालं. पण दुखण्याची कारणं साखळीसारखी असतात. कुठल्या कडीला 'हेच ते' म्हणायचं हे आपण निवडतो. डॉक्टरांनी शरीरातली कडी निवडणं साहजिक आहे, त्यांना तिथेच काही करता येतं. मी ती निवडली, याचं कारण वेगळं होतं. कारण मावशींच्या खुब्यात असेल तर मी पैसे देऊन मोकळी होते. ते माझ्या फरशीवर असेल तर मला काही बदलावं लागतं.

बदललं ते फार थोडं. लांब दांड्याचा मॉप आणला. तो आधी आणायला काहीच अडचण नव्हती. फरशी एक दिवसाआड पुसायची ठरली, पगार तोच. दुसऱ्या दोन घरांशी मी बोलले, एक घर तयार झालं, एक म्हणालं, "मॉपनं कोपरे निघत नाहीत." बिनलिफ्टच्या इमारतीतलं तिसऱ्या मजल्यावरचं एक काम मावशींनी सोडलं. तेवढे पैसे कमी झाले, ते भरून निघालेले नाहीत. व्यायाम त्या जमेल तसे करतात. दुखणं कमी आहे, गेलेलं नाही. पावसाळ्यात जिने ओले असतात तेव्हा वाढतं, असं त्या म्हणतात. हे कशामुळे, ते मी विचारत नाही.

मी आता त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवते, असं लिहून लेख संपवता आला असता. ते तितकंसं खरं नाही. मागच्या महिन्यात सकाळी सात वाजता फोन वाजला, त्या दिवशी घरी पाहुणे यायचे होते, आणि मावशी म्हणाल्या, "ताई, आज नाही जमायचं." क्षणभर तोच जुना विचार आला. फरक एवढाच, की तो आता कुठून येतो ते मला माहीत आहे. तो त्यांच्या खुब्याबद्दलचा नसतो. ओट्यावर पडलेल्या भांड्यांबद्दलचा असतो.

"बरं, आराम करा," मी म्हटलं आणि भांडी घासायला घेतली. वाकून घासताना उजव्या जांघेत जराशी कळ आली. माझा रिपोर्ट आणि मावशींचा रिपोर्ट अजून कपाटात एकाच खणात आहेत.